परतणाऱ्यांची पूर्वतयारी
(कुरुळी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



पिंपरी-भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार आठवडाभर विभागला जावा म्हणून सुरू झालेली ही पद्धत इथल्या जगण्यात पुरती मुरली आहे. दवाखाना, बँकेचे काम, गावाकडची फेरी, मुलगी बघायला जाणे, सगळे गुरुवार धरून ठरते. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांवरची संपर्कसत्रे मात्र साधारणपणे रविवारी असतात. ती नोकरी करणाऱ्यांच्या सोयीसाठीच रविवारी ठेवलेली आहेत, हेतूबद्दल शंका नाही. पण नोकरदार म्हटल्यावर वेळापत्रक आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कचेरीतला माणूस आला. दर आठवड्याला फर्स्ट, सेकंड आणि नाईट अशा फिरत्या पाळीत काम करणारा आणि रविवारी मशीनवर उभा असणारा माणूस आला नाही. शिक्षण सुटलेल्या प्रौढाला पुन्हा विद्यापीठात आणायचे तर त्याची तयारी कशी करून घ्यायची, हा आजचा विषय आहे. गुरुवार-रविवारचा हा मेळ न बसणे हा त्या विषयाचा छोटा, पण नेमका पुरावा आहे.

परत येऊ पाहणारा माणूस कोण असतो? कुरुळी, चिंबळी, निघोजे, म्हाळुंगे या गावांतून पाहिले तर तो एका प्रकारचा नसतो. लातूर, नांदेड, बुलढाणा, जळगावकडून आलेला आणि आयटीआय करून लाईनवर लागलेला तरुण असतो. बारावीला एका विषयात राहिलेला आणि मग घरच्या ओढाताणीत तो विषय सोडवायचा राहून गेलेला असतो. पदवीच्या पहिल्या वर्षाला नाव घालून परीक्षेलाच न बसलेला असतो. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन इथे आलेली, मुले शाळेत जाऊ लागल्यावर पॅकिंगच्या किंवा इन्स्पेक्शनच्या कामाला लागलेली बाई असते. जमीन औद्योगिक वसाहतीत गेलेल्या मूळच्या घरांमधली माणसेही असतात. यांतल्या कोणाकडे बारावीचे प्रमाणपत्र असते, कोणाकडे नसते. आपली व्यवस्था त्यांची विभागणी नेमकी याच रेघेवर करते. प्रमाणपत्र नसेल तर पूर्वतयारी करा, असेल तर थेट प्रवेश घ्या. मला या रेघेबद्दलच बोलायचे आहे. बारावी होऊन बारा वर्षे लोटलेला माणूस आणि बारावी न झालेला माणूस, दोघांनीही मधल्या काळात सलग वीस पाने वाचलेली नसतात, दोन पाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेली नसतात. तयारीची गरज दोघांना सारखीच आहे. पात्रता आणि तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आपण एकत्र बांधून टाकल्या, आणि त्यामुळे पूर्वतयारीचा अभ्यासक्रम हा प्रवेशाचा परवाना होऊन बसला.

हे कसे झाले ते पाहण्याआधी महाराष्ट्राने या बाबतीत काय केले त्याचे मोल मानले पाहिजे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १ जुलै १९८९ रोजी स्थापन झाले. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेतलेल्या या विद्यापीठाने बारावी न झालेल्या प्रौढासाठी सहा महिन्यांचा पूर्वतयारी शिक्षणक्रम मराठीतून आखला आणि तो पार केल्यावर कला-वाणिज्याच्या पदवीचा रस्ता मोकळा केला. १९८५ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी विद्यापीठातही अशीच पदवीपूर्व तयारी आहे. गणित, सामाजिक शास्त्रे आणि वाणिज्य या तिन्हींपैकी दोन विषय घ्यायचे. दहावी-बारावीच्या शिक्क्याशिवाय माणूस शिकू शकतो हे मान्य करायला त्या काळात धाडस लागत होते. गृहिणी, शेतकरी, पोलीस शिपाई, कामगार अशा कित्येकांना त्या धाडसातून पदवीपर्यंत जाता आले.

अडचण आहे ती त्या सहा महिन्यांत काय शिकवले जाते याची. इंदिरा गांधी विद्यापीठाच्या या तयारीची परीक्षा बहुपर्यायी असते. चार उत्तरांतले एक निवडून गोल काळा करायचा. हाच विद्यार्थी पुढच्या वर्षी पदवीच्या वर्गात जातो तेव्हा त्याला स्वाध्याय लिहावे लागतात, ‘कारणमीमांसा करा’, ‘चर्चा करा’ अशा प्रश्नांना तीन-चार पानी उत्तरे द्यावी लागतात. ज्या कामासाठी तयारी, ते काम तयारीच्या परीक्षेत एकदाही करून पाहिलेले नसते. मग बाजारातले गाईड मदतीला येते, त्यातले उत्तर वहीत उतरते आणि स्वाध्याय जमा होतो. आपण याला विद्यार्थ्यांचा आळस म्हणतो. मला तो दोष शिकवणीतल्या एका गाळलेल्या पायरीचा वाटतो. जे कधी शिकवलेच नाही ते माणूस कुठून तरी उचलूनच आणणार.

ही पायरी आपल्याकडे पूर्वी कोणाला माहीत नव्हती असेही नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, ती दिवसाच्या शाळेची वेळ बदललेली नक्कल नव्हती. दिवसभर राबलेल्या शेतकऱ्याला आणि मजुराला समोर ठेवून ती काढली होती. १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या प्रयत्नातून पुण्याचे सेवासदन उभे राहिले. तिथे मोठ्या वयाच्या स्त्रियांसाठी, त्यांत विधवा पुष्कळ, वेगळे वर्ग चालत आणि त्यांतून शिकलेल्या बायका शिक्षिका आणि परिचारिका होण्याच्या शिक्षणाकडे वळत. पुढे १९५८ पासून केंद्रीय समाजकल्याण मंडळाने प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम देशभर सुरू केले. मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा दुर्गाबाई देशमुख यांनी त्याआधी मद्रासमध्ये मुलींना बनारसच्या मॅट्रिकच्या परीक्षेसाठी शिकवण्याचे वर्ग चालवले होते, आंध्र महिला सभेचे काम त्यातून वाढले होते. प्रौढ बाईला शाळेतली सगळी वर्षे पुन्हा काढावी लागत नाहीत, दोनेक वर्षांत ती मजल मारता येते, यावर त्या अभ्यासक्रमांची सगळी रचना उभी होती. हे शक्य कसे होई? वर्ग समोरासमोर असे, शिकवणारी बाई रोज भेटे, अडलेले तिथल्या तिथे सुटे. मुक्त शिक्षणाने हजारोंपर्यंत पोचण्यासाठी पुस्तक टपालाने पाठवले आणि ही रोजची गाठभेट सोडली. पदवीच्या पातळीवर हा सौदा कदाचित परवडतो. तयारीच्या पातळीवर तो परवडत नाही, कारण पुस्तकातून एकट्याने शिकायचे कसे, हेच तर त्या माणसाला अजून शिकायचे असते.

प्रौढाला काय येत नाही याची यादी करणे सोपे आहे. त्याला काय येते हे पाहिल्याशिवाय मात्र कोणतीही तयारी आखता येणार नाही. या पट्ट्यातल्या कारखान्यांत क्वालिटी सर्कल चालतात. लाईनवरची पाच-सहा माणसे एकत्र बसतात. रिजेक्शन कुठल्या पार्टमध्ये जास्त आहे, कुठल्या पाळीत जास्त आहे, याच्या नोंदी चेकशीटवर करतात. त्या नोंदींतून मोठे कारण आणि किरकोळ कारणे वेगळी काढतात. माशाच्या काट्याची आकृती काढून माणूस, मशीन, माल, पद्धत अशा फांद्यांवर संभाव्य कारणे मांडतात. मग ‘फाइव्ह व्हाय’, म्हणजे एका कारणामागे पुन्हा का, त्यामागे पुन्हा का, असे पाचदा विचारत मुळाशी जातात. उपाय करून पाहतात, आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवतात आणि हे सगळे साहेबांसमोर, कधी स्पर्धेत परीक्षकांसमोर उभे राहून सांगतात. यात प्रश्न निश्चित करणे आहे, पुरावा गोळा करणे आहे, पर्यायी कारणे तपासून बाजूला सारणे आहे, निष्कर्षाची मर्यादा सांभाळणे आहे. समाजशास्त्राच्या किंवा अर्थशास्त्राच्या चांगल्या उत्तरात आपल्याला याहून वेगळे काय हवे असते? तरीही हाच कामगार ‘महाराष्ट्रातील दुष्काळाची कारणे लिहा’ या प्रश्नापुढे बसला की पाठ केलेले सहा मुद्दे आठवू लागतो. आपल्या एका कौशल्याचा दुसऱ्या ठिकाणी उपयोग होतो हे त्याला कोणी दाखवलेले नसते, आणि विद्यापीठाला तर त्याच्याकडे ते कौशल्य आहे याचा पत्ताच नसतो.

पूर्वतयारीचा वर्ग इथून सुरू झाला पाहिजे असे माझे म्हणणे आहे. समजा, १९७२ चा दुष्काळ आणि रोजगार हमी योजना यांवरचे दोन पानांचे वाचन दिले. १९७७ मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला आणि २००५ मध्ये केंद्राने देशासाठी तसा कायदा केला, एवढी चौकट सांगितली. पहिल्या दिवशी फक्त एवढेच विचारायचे: लेखक काय सिद्ध करू पाहतो आहे, आणि त्यासाठी त्याने कोणता पुरावा दिला आहे? दुसऱ्या दिवशी त्याच पानांवर ‘का’ विचारत जायचे. अन्नाचा तुटवडा होता की हाती पैसा नव्हता? पैसा नव्हता तर धान्य वाटावे की काम द्यावे? काम दिले तर कोणते, आणि रस्ते-तलाव झाल्यावर ते वापरले कोणी? तिसऱ्या दिवशी दहा ओळी लिहायच्या, चौथ्या दिवशी त्या परत लिहायच्या. वर्गातल्या एखाद्याच्या आई-वडिलांनी त्या काळात खडी फोडलेली असण्याचा संभव मराठवाड्यातून आलेल्या माणसांत कमी नाही, आणि ती माहिती पुस्तकातल्या माहितीशेजारी ठेवून कुठे जुळते, कुठे जुळत नाही हे पाहणे हाही अभ्यासच आहे. सहा महिन्यांत अशी दहा-बारा वाचने नीट झाली तरी पुष्कळ. गणिताचेही तेच. मायक्रोमीटरवर मायक्रॉनची टॉलरन्स रोज धरणाऱ्या माणसाला दशांश अपूर्णांक पहिल्यापासून शिकवण्यात वेळ जातो आणि त्याचा मानही जातो. त्याच्या हातातल्या मापनापासून सरासरी, विचलन, आलेख इथवर थेट जाता येते.

बाहेरच्या देशांकडे पाहिले की हा विचार नवखा नाही हे दिसते. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल विद्यापीठाने १९७४ पासून शिक्षण सुटलेल्या प्रौढांसाठी ‘ओपन फाउंडेशन’ हा तयारीचा अभ्यासक्रम चालवला आहे आणि तो विनाशुल्क आहे. न्यूकॅसल हे कोळशाचे आणि पोलादाचे गाव, म्हणजे आपल्यासारखाच कामगारांचा मुलूख. ब्रिटनमध्ये १९७८ साली सरकारने निवडक स्थानिक शिक्षण प्राधिकरणांना ‘ॲक्सेस’ अभ्यासक्रम सुरू करायला सांगितले, ते स्थलांतरित समाजातल्या प्रौढांना शिक्षक आणि समाजकार्यकर्ते होण्याच्या शिक्षणापर्यंत नेण्यासाठी. तिथल्या मुक्त विद्यापीठाने १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी घेतले ते कोणतीही प्रवेशपात्रता न लावता. पण मुक्त प्रवेश पुरत नाही हे ओळखून त्यानेही पुढे आधीचे छोटे तयारीचे अभ्यासक्रम काढले. म्हणजे ज्या संस्थेत कोणालाही अडवले जात नव्हते, तिलाही तयारी शिकवावीच लागली. पात्रता आणि तयारी वेगळ्या आहेत याचा याहून स्पष्ट दाखला मला माहीत नाही.

आता आक्षेप. पहिला आणि वजनदार आक्षेप कायद्याचा आहे. बारावी वगळून मिळवलेल्या पदवीचे पुढे काय? सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये अण्णामलाई विद्यापीठाच्या खटल्यात विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम मुक्त विद्यापीठांनाही बांधील असल्याचे सांगितले. पहिली पदवी नसताना थेट घेतलेली पदव्युत्तर पदवी त्या खटल्यात टिकली नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार, मूळ शालेय पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट पदवी घेतलेल्याला कायद्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळत नाही. पाच वर्षे घालवल्यावर एखाद्या बाईला ‘वकिलीला चालत नाही’ हे कळणे हा तिच्यावर अन्याय आहे, आणि तो अन्याय नियमाइतकाच ते आधी न सांगणाऱ्याचाही आहे. म्हणून माझी भूमिका अशी की पूर्वतयारीला बारावीची बदली म्हणून विकू नये. ज्याची बारावी राहिली आहे त्याने बाहेरून परीक्षेला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरून किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून ती करावी. १९८९ पासून असलेल्या त्या संस्थेत एकेक विषय सोडवत जाता येते. पूर्वतयारीचा वर्ग त्याच्या जोडीने चालावा. परवान्याचे ओझे उतरले की तो वर्ग शिकवण्याच्या कामाला मोकळा होतो.

दुसरा आक्षेप दर्जाचा. तयारीच्या नावाखाली विद्यापीठाची पातळी खाली येईल, असे म्हणणारे अध्यापक प्रामाणिक असतात. उथळ पदव्यांची चिंता त्यांना आहे तशी मलाही आहे. पण दर्जा कुठे ढासळतो ते पाहावे. तो ढासळतो तयारी नसलेल्या विद्यार्थ्याला आत घेऊन नंतर सोप्या प्रश्नपत्रिकेने, मोघम तपासणीने पुढे ढकलताना. आधी सहा महिने वाचन-लेखन करून घेतले तर पहिल्या वर्षाच्या अध्यापकाला अपेक्षा कमी कराव्या लागत नाहीत.

तिसरा आक्षेप या पट्ट्यात रोज ऐकू येणारा आहे. कामगाराला विद्यापीठ कशाला, कौशल्याचा कोर्स द्या. कौशल्य हवेच, त्यावर वाद नाही. पण एकाच मशीनपुरते कौशल्य किती वर्षे पुरणार? वाहनउद्योग विजेवरच्या गाड्यांकडे वळतो आहे आणि त्या गाडीत पेट्रोल-डिझेलच्या इंजिनातले कितीतरी भाग लागतच नाहीत. ते भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांतला माणूस नव्या कामाकडे वळायचा तर त्याला नवे वाचून समजून घेण्याची सवय हवी. शिवाय हा आक्षेप घेणारे आपल्या मुलांना केवळ कौशल्याच्या कोर्सवर थांबवत नाहीत. भूसंपादनाची नोटीस, कामगार कायद्यातले बदल, ग्रामपंचायतीचा ताळेबंद हे वाचून त्यावर मत बनवणे ही इथल्या माणसाची रोजची गरज आहे. डॉ. आंबेडकरांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. कष्टकऱ्याला पूर्ण विद्यापीठीय शिक्षण मिळाले पाहिजे हा आग्रह त्यामागे होता.

सगळ्यांत खरा आक्षेप वेळेचा आहे आणि त्याला युक्तिवादाने उत्तर देता येत नाही, व्यवस्था करूनच द्यावे लागते. ओव्हरटाइम धरला की बारा तास कामाचे, त्यात बसची वाट पाहणे आणि एका खोलीत सहाजणांचे राहणे. कंत्राटी कामगाराची गोष्ट आणखी वेगळी. कायद्यात सलग सेवेसाठी धरले जाणारे २४० दिवस भरू नयेत म्हणून अनेक ठिकाणी सात महिन्यांनी ब्रेक दिला जातो, मग तो दुसऱ्या ठेकेदाराकडे, दुसऱ्या गावात जातो आणि अभ्यासकेंद्र मागे राहते. सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाची तारीख विद्यापीठाच्या कॅलेंडरवर ठरत असेल तर या माणसाला ती गाठणे नशिबावर आहे. म्हणून वर्ग वर्षातून किमान तीनदा सुरू व्हावा, एकच पाठ त्याच आठवड्यात सकाळी आणि संध्याकाळी असा दोनदा व्हावा, म्हणजे पाळी फिरली तरी पाठ चुकत नाही. गुरुवारचा दिवस लांबच्या वाचनासाठी ठेवावा. बायकांसाठी दुपारी बारा ते तीन. जागा जिल्हा परिषदेच्या शाळेची चालेल, ती चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ज्याने गाव बदलले त्याला चाकणला किंवा भोसरीला उरलेले पाठ पुरे करता यावेत, इतकी नोंद केंद्राकेंद्रांत सामायिक असावी. पगारी अभ्यासरजेचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९७४ चा करार भारताने स्वीकारलेला नाही, त्यामुळे ती रजा आज हक्काने मागता येत नाही. पण कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली नफ्याचा दोन टक्के सामाजिक निधी खर्च करणाऱ्या मोठ्या कंपन्या याच पट्ट्यात आहेत, आणि शिक्षण त्या खर्चाच्या यादीत आहे. शाळेच्या भिंती रंगवण्याइतकाच शिक्षकाचा पगारही त्यातून देता येतो.

शिक्षक कोठून आणायचे, हाही प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. एम. ए., एम. कॉम., बी. एड. झालेली तरुण माणसे याच पट्ट्यात हेल्पर म्हणून, स्टोअरमध्ये, सिक्युरिटीला काम करताहेत. त्यांना प्रौढांना वाचन-लेखन शिकवण्याचे थोडे प्रशिक्षण आणि योग्य मानधन मिळाले तर हा वर्ग त्यांच्याही ज्ञानाला काम देईल. निवृत्त शिक्षक आहेतच. विद्यापीठाने करायची गोष्ट वेगळी आहे. उच्च शिक्षणातल्या नोंदणीचे प्रमाण आपण १८ ते २३ या वयोगटाच्या लोकसंख्येवर काढतो. २०२१-२२ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणात ते देशासाठी २८.४ टक्के आणि महाराष्ट्रासाठी ३५.३ टक्के होते. चाळिशीची बाई प्रवेश घेते तेव्हा ती अंशात मोजली जाते, पण ती प्रवेश घेत नाही तेव्हा छेदात ती कधीच नव्हती. तिचे बाहेर राहणे कोणाच्याही खात्यावर उणे पडत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रौढ आणि आजीवन शिक्षणावर स्वतंत्र प्रकरण आहे, पण त्यातून पुढे आलेला साक्षरतेचा कार्यक्रम बहुतांशी पायाभूत वाचन-लेखनाशी थांबतो. म्हणून तयारीच्या वर्गाचा हिशेब विद्यापीठाने वेगळा ठेवावा आणि दरवर्षी छापावा. किती जण बसले, किती जणांनी पदवीचे पहिले वर्ष पुरे केले, कोणी कोणत्या महिन्यात सोडले आणि कशामुळे, पाळीमुळे, बाळंतपणामुळे, ब्रेकमुळे की वर्गच निरुपयोगी वाटला म्हणून. पहिली तुकडी कुरुळीत बसवायची असेल तर हे शेवटचे रकाने नोंदवहीत पहिल्या दिवसापासून आखलेले असावेत.